मनगटावरची काळी रेघ

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज तांब्याच्या काडीने एकेका मनगटावर काळी रेघ ओढत होते. "थांबा आणि बघा! जिच्या मनात काळं, तिच्या हातावर लाल! रेघ खोटं बोलत नाही, वकील नाही ती!" लोक हसले, रांग पुढे सरकली.

मी रोजची व्रतं पाळणारी बाई. पण देवाला माणूस ओळखायला शाई लागते, हे काही मला पटेना. थोरल्या मुलाच्या बाळाचा खोकला हटत नव्हता, कुणाची दृष्ट लागली ते कळावं म्हणून घरातल्या सगळ्यांनी हात पुढे केले.

तिसऱ्या दिवशी धाकट्या सुनेचं मनगट टरारून सुजलं. बाकी सगळ्यांचं ठणठणीत.

"हिचीच दृष्ट!" थोरली सून म्हणाली.

आमचे हे चष्मा पुसत म्हणाले, "उद्याच हिला माहेरी पोचवा. कायमची."

धाकटी रडली नाही. मला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजली, "आई, त्या रेघेला आमच्या पार्लरचा वास होता." ती पार्लरमध्ये लोकांचे केस काळे करून देते.

मी यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली. महाराजांकडे प्रसाद म्हणून डबीभर काळं मागितलं, त्यांनी कौतुकाने दिलं. धाकटीला आणि बाळाला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासून औषध दिलं. मग धाकटीच्या पाठीवर, कुठली कशाची ते तिला न सांगता, तीन पट्ट्या लावल्या: साधं तेल, पार्लरचा कलप आणि डबीतलं काळं. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा तेलाची जागा स्वच्छ होती, उरलेल्या दोन्ही लालबुंद.

"हातमोजे घालत नाहीस ना?" बाईंनी तिला विचारलं.

"फाटले की मालकीण दुसरे देत नाही."

"कातडीत पहारेकरी पेशी असतात," बाई मला म्हणाल्या. "अनोळखी काही सापडलं की त्याचा तुकडा घेऊन काखेतल्या गाठीत जातात आणि तिथल्या लढाऊ पेशींना दाखवतात. त्यातल्या ज्यांना तो ओळखू येतो, त्यांची फौज वाढते. जंतू असेल तर हीच ओळख जीव वाचवते. हिच्या पेशींनी कलपालाच शत्रू ठरवलंय. पुन्हा लागला की धाड! तुमच्या पेशींशी त्याची ओळखच नाही."

"म्हणजे रेघेनं मन वाचलं नाही?"

"छे! कातडीची आठवण चाळवली फक्त."

मी ते काळं पार्लरच्या पद्धतीने माझ्या वेणीच्या टोकाला लावून धुतलं आणि भर हॉलमध्ये वेणी पुढे घेतली. वर पांढरी, खाली कुळकुळीत.

"महाराज, मन ओळखणारी रेघ केसही रंगवते?"

"श्रद्धा कमी पडली, माते!"

"श्रद्धा भरपूर आहे. कलप जास्त झालाय."

हशा पिकला. मागून एक माणूस ओरडला, "माझी बहीण कलपाच्या कारखान्यात आहे! तिचंही मनगट सुजलं, म्हणून सासरच्यांनी हाकललं!" महाराज डबी उचलून मागच्या दाराने सटकले.

घरी यांनी पुन्हा चष्मा पुसला. मग म्हणाले, "सूनबाई, चहा टाकतेस?"

"आज तुम्ही टाका, मामंजी. माझा हात दुखतोय."

यांनी निमूटपणे टाकला.

बायांनो, माझी व्रतं चालूच आहेत. पण कुणी तुमच्या लेकीसुनेला पापी ठरवू लागला, तर हात जोडण्याआधी विचारा: डबीत काय आहे? आणि सुजलेला हात डॉक्टरांना दाखवा, महाराजांना नको.