वासाचा घास

डिसेंबरात संत निकोलसाचा सण झाला की ग्रीसमधल्या कावालाच्या बंदराच्या वरची, चढावरची ती गल्ली नाताळपर्यंत लोण्याच्या वासात पोहत असते. नऊ घरं, नऊ भट्ट्या, आणि कुराबिये, नाताळची ती लोण्या-बदामाची बिस्किटं, करावीत तर आपणच अशी प्रत्येक बाईची खात्री. बाकीच्या करतात ती पिठीसाखरेत लोळवलेली माती. आर्गिरोच्या बाबतीत ही खात्री खरी होती, हे तिचे दुष्मनही कबूल करत. तिचा कुराबिया जिभेवर ठेवला की नुसता बदाम दाताखाली उरायचा, बाकीचं कधी विरघळलं ते कळायचं नाही.

त्या वर्षी पहिला घाणा निघाला तसे तिने सहा कुराबिये बशीत घातले, वर धुतलेला रुमाल टाकला आणि ती थेट शेजारच्या लेमोनियाच्या दारात जाऊन उभी राहिली. लेमोनियाला सातवा महिना होता. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि वास काही भिंतीला जुमानत नाही. पोटुशीच्या नाकात वास गेला की घास तिच्या तोंडात गेलाच पाहिजे, हे त्या गल्लीत कुणाला शिकवावं लागत नाही. घास दिला नाही तर बाळाला अपाय होतो, आणि त्याचं पाप रांधणारीच्या माथी.

“धर गं पोरी. गरम आहेत.”

बशीकडे पाहून लेमोनियाचा चेहरा पडला. “मावशी, मला साखर निघालीय. मारियांथी सुईणीने गोड पूर्ण बंद करायला सांगितलंय.”

“साखर? ती म्हाताऱ्यांना होते. तुला तिशीच्या आत कुठली आलीय?”

“पोटात बाळ असताना होते कुणाकुणाला. बाळंतपण झालं की बहुतेक जाते.”

“मग जायचीच आहे तर तिचे एवढे लाड कशाला? अख्खा नको खाऊस. एक घास. वास गेलाय ना नाकात? मग आता मी काय करू, सांग!”

आर्गिरोचा आवाज चढला होता, पण डोळे विनवत होते. लेमोनियाला ते दिसलं. तिने कुराबियाचा एक कोपरा दातांनी तोडला आणि आर्गिरोचा जीव भांड्यात पडला. उरलेले पावणेसहा कुराबिये लेमोनियाच्या नवऱ्याने, फोटिसने, संध्याकाळी पाळण्याला रंग देता देता संपवले.

या धास्तीला कारण होतं. आर्गिरो तेवीस वर्षांची असताना तीही पोटुशी होती, नववा महिना लागला होता. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते, मासे-मटण वर्ज्य, शिंपले मात्र चालत, आणि समोरच्या घरात असिमिना शिंपले तळत होती. तो वास असा काही आला की आर्गिरो खिडकीत जाऊन उभी राहिली. पण मागायची लाज वाटली, सासू काय म्हणेल म्हणून धाकही होता. ती मागायला गेली नाही आणि असिमिनाने दिले नाहीत. नऊ दिवसांनी मुलगा झाला, गुबगुबीत, काळ्याभोर केसांचा. तो रडलाच नाही. नंतर मूल झालं नाही, पुढे नवराही गेला. अठ्ठेचाळीस वर्षं आर्गिरो असिमिनाला रस्त्यात मान हलवून ‘नमस्कार’ एवढंच म्हणत आली होती. तिच्या दाराची पायरी ती पुन्हा चढली नव्हती.

म्हणून तर लेमोनियावर तिचं एवढं लक्ष होतं. पोरीची आई जर्मनीत कामाला, फोनवरून रडण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं. बाळासाठी मऊ सुती चादरी फाडून लंगोट शिवणं, पिवळ्या लोकरीचं टोपडं विणणं, पोरीच्या पायांना सूज आली का ते बोटाने दाबून बघणं, हे सगळं आर्गिरोने कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. हे मूल धडधाकट जन्माला यायला हवं होतं. दुसरं काही तिला मागायचंच नव्हतं.

शुक्रवारी फोटिसला बोटीवर काम निघालं, म्हणून आरोग्य केंद्रात लेमोनियाबरोबर आर्गिरो गेली. मारियांथी सुईण तशी तोंडाने फटकळ, पण हाताने हलकी. तिने लेमोनियाची वही उघडली, जेवणानंतरच्या साखरेचे आकडे वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

“काय खातेस तू?”

“तुम्ही सांगितलंय तेच. अंडं, दही, पालेभाजी, मसूर. पावाचा एकच तुकडा.”

“आणि?”

“आणि काही नाही.” लेमोनियाने मान खाली घातली. “एखादा घास.”

“कुणाकडचा?”

“मावशींचा.” मग अगदी हळू आवाजात, “आणि सोफियाबाईंचा. मेलपोमेनीकडून मधातल्या वड्या आल्या होत्या. कोपऱ्यावरच्या घरातून अक्रोडाचा केक. एकीचा घेतला आणि दुसरीचा नाही, असं कसं करू?”

“म्हणजे गल्लीत घरं किती?”

“माझं धरून नऊ.”

मारियांथीने पेन टेबलावर आपटलं. “आठ घरांचे आठ घास, आणि तेही दिवसभर थोडे थोडे! बाई गं, तू जेवतेस मसूर आणि तोंडी लावतेस अख्खी मिठाईची दुकानं! फोटिस कुठंय? उरलेलं तो खातो ना? परवा दिसला होता. मला वाटलं, दिवस त्यालाच गेलेत.”

लेमोनियाला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. मारियांथीचा आवाज खाली आला होता. बाळ वाजवीपेक्षा भराभर वाढतंय, ती म्हणाली. पुढच्या शुक्रवारपर्यंत आकडे उतरले नाहीत तर मोठ्या दवाखान्यात दाखल व्हायचं, इंजेक्शनं घ्यायची. “बाळ जाड झालं की लोक कौतुक करतात. मला त्याची भीती वाटते.”

“घास देणारी मी आहे,” आर्गिरो एकदम म्हणाली. “पोरीला बोलू नकोस. पण वास गेल्यावर नाही द्यायचं म्हणजे काय करायचं? माझं काय झालं ते तुला माहीत नाही.”

आणि जे तिने नवऱ्यालाही कधी पुरतं सांगितलं नव्हतं, ते तिथे, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगितलं. ते शिंपले, ती खिडकी, तो मुलगा. “पाच किलोचा होता. तेव्हाची सुईण म्हणाली, तीन महिन्यांचं वाटतंय लेकरू.”

मारियांथी लिहायची थांबली. “पाच किलो? मावशी, तुम्हाला तहान फार लागायची का हो तेव्हा?”

“तांब्यामागून तांब्या रिचवायचे. घरात थट्टा व्हायची.”

“आणि गोड?”

“सासूबाई रोज सकाळी वाटीभर हलवा भरवायच्या. मध घालून. नातू दणकट व्हावा म्हणून. नको म्हटलं तरी सोडायच्या नाहीत. माया फार होती त्यांची.”

मारियांथी टेबलामागून उठली आणि आर्गिरोच्या शेजारी येऊन बसली. “इतक्या वर्षांनी शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. पण माझ्या मते तो शिंपल्यांचा वास नव्हता, मावशी. ही साखरच असणार. तेव्हा कुणी तपासत नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं. तुम्ही मागायला गेला नाहीत म्हणून काही झालं नाही. वासाने बाळ जात नाही.”

आर्गिरोला आधी सासूचा राग आला. मग वाटीतून हलवा भरवणारा तो हात आठवला आणि राग जागच्या जागी बसला. तो हात मायेनेच पुढे आला होता. तिचा स्वतःचाही हात, बशी घेऊन, तसाच पुढे आला होता. तिने लेमोनियाचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “चल घरी. चालत जाऊ. मारियांथी म्हणते ना, चालल्याने उतरते.”

त्याच दुपारी काठी टेकत ती दारोदार गेली. फर्मान एकच. लेमोनिया मोकळी होईपर्यंत या गल्लीत गोड भाजायचं नाही.

“आणि नाताळ? तोही पुढे ढकलायचा का?” मेलपोमेनी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

“परातीत घाल आणि खाली बंदरावरच्या बेकरीत भाजून आण. तुझी आजी नेत नव्हती? खिडकी लावून खा. वासच गेला नाही तर घास द्यायचा प्रश्नच नाही. तुझ्या माथी पाप नको आणि पोरीच्या पोटात साखर नको.”

जुनी रीत मोडा म्हटलं असतं तर गल्ली भांडली असती. ही तर रीत पाळायचीच नवी सोय होती. मेलपोमेनीने कुरकुरत परात उचलली, आणि तिने उचलली म्हणून बाकीच्यांनीही उचलल्या.

एकच दार राहिलं होतं. आर्गिरो पायरीपाशी दोन मिनिटं उभी राहिली, मग चढली. असिमिना आता अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यांनी थकलेली. दार उघडून ती बघतच राहिली.

“भट्टी पेटवू नकोस एवढं सांगायला आलेय,” आर्गिरो म्हणाली. आणि मग, एका दमात, “आणखी एक. मी तुला अठ्ठेचाळीस वर्षं दोष दिला. तो तुझा नव्हता. आज कळलं. साखर होती मला.”

असिमिनाने दाराची चौकट धरली. “मला ठाऊक होतं तू का बोलत नाहीस ते,” ती म्हणाली. “तू खिडकीत उभी होतीस, मी पाहिलं होतं. म्हटलं, हे तळून होऊ देत, मग नेते. तेवढ्यात माझा धाकटा पडला, रडायला लागला, आणि राहून गेलं. आर्गिरो, त्यानंतर या घरात मी शिंपले तळले नाहीत. नवरा मागायचा, मुलं मागायची. माझ्याच्याने झालं नाही.”

दोघी म्हाताऱ्या दारातच एकमेकींना धरून रडल्या. आत ये म्हणायचंही भान राहिलं नाही. वरून मेलपोमेनी खिडकीतून वाकून बघत होती, तिला ओरडून खिडकी लावायला सांगायचंही दोघींना सुचलं नाही.

त्या नाताळात बेकरीवाल्याचे दोन्ही हात अपुरे पडले. जेवण झालं की आर्गिरो लेमोनियाला अर्धा तास चालवायची, रोज जुन्या किल्ल्याच्या बाजूने, बेकरी टाळून. वाटेत भेटेल त्याला काठी दाखवायची, “खिशात काही गोड असेल तर लांबून जा.” पुढच्या शुक्रवारी आकडे उतरले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मारियांथीने वहीत आकड्यांभोवती फूल काढलं. फोटिसची पँटही ढिली झाली.

फेब्रुवारीच्या अखेरीस लेमोनियाला मुलगी झाली. तीन किलो दोनशे ग्रॅम, आणि आवाज असा की बंदरावर ऐकू जावा. दवाखान्यात ते रडणं ऐकून आर्गिरो भिंतीला टेकून उभी राहिली. “रडू दे,” ती फोटिसला म्हणाली. “गप्प नका करू कुणी. जरा वेळ रडू दे तिला.”

लेमोनिया घरी आली, साखरही उतरून जाग्यावर आली. चौथ्या दिवशी दुपारी आर्गिरो पिवळं टोपडं धुऊन वाळत घालत होती, तेव्हा समोरून वास आला. गरम तेलाचा, लिंबाचा, समुद्राचा. असिमिनाच्या घरातून. आर्गिरो खिडकीपाशी गेली. आता एकाहत्तर वर्षांच्या बाईला कोण काय म्हणणार होतं? तिने फळीवरून रिकामी बशी घेतली, गल्ली ओलांडली आणि पायरी चढून दार वाजवलं.

“असिमिना,” ती म्हणाली, “वास आला गं. मला दे.”