उतारावरचं अहो-जाहो

दुकान विकल्यावर तिसऱ्या आठवड्यात चष्मेवाल्यांनी बोट घेतली. चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर काचा बसवल्या, आता जरा लांबचं बघावं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बोट चार माणसांची, मागे छोटं इंजिन, आणि ती तलावापर्यंत न्यायला दोन चाकांचा ट्रेलर. ट्रेलर ओढायचा हूक मात्र त्यांच्या गाडीला नव्हता. जावयाच्या गाडीला होता. त्यामुळे दर रविवारी जावई आपोआपच बोटीचा शौकीन ठरला.

जावई सिटी बसचा ड्रायव्हर. अख्खी बस तो चिंचोळ्या गल्लीतून मागे घ्यायचा आणि आरशाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. पण ट्रेलरचं सगळंच उलटं. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की तो उजवीकडे निघायचा. बस सांगितलेलं ऐकायची, याला नुसता हट्ट होता.

बोट पाण्यात सोडताना काही त्रास नसे. पट्टा काढला की ती आपली आपण उतारावरून घसरायची. संध्याकाळी ती परत चढवायची वेळ आली की तलावाच्या कट्ट्यावर गर्दी जमू लागायची. जावई ट्रेलर मागे घेत घेत पार पाण्याखाली न्यायचा. मग ट्रेलर कुठे आहे ते कोणालाच दिसायचं नाही. बोट त्याच्यावर तरंगत यायची, वाऱ्याने हलायची, आणि गाडी पुढे काढली की ट्रेलरच्या फळ्यांवर तिरकी बसलेली निघायची. पुन्हा पाण्यात. पुन्हा वर. एका रविवारी सात वेळा.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. सासरे बोटीतून सूचना देत, आणि जावयाला सूचना द्यायची ती जावयाला शोभेल अशीच.

"जावईबापू, जमत असेल तर ट्रेलर किंचित उजवीकडे घेता का?"

वाक्य संपेपर्यंत बोट लोखंडावर आपटलेली असायची. जावयाचीही तीच गत. सासरे भलत्याच वेगाने येताहेत हे त्याला आरशात दिसायचं, पण सासऱ्यांवर ओरडणार कसं? तो खिडकीतून मान काढून, बाबांनी सावकाश आलं तरी चालेल, घाई अशी काही नाही, एवढंच सांगायचा. मग दण्ण आवाज व्हायचा.

सासूबाई कट्ट्यावर बसून हे सगळं बघायच्या. त्यांचा पडदे शिवायचा धंदा होता, हातात कायम एखादी झालर असायची. पाचव्या रविवारी त्यांनी सुचवलं की ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांना दोन उभे पाइप लावा, म्हणजे पाण्यातही दार कुठे आहे ते कळेल. चष्मेवाल्यांनी ऐकून घेतलं आणि पडद्यांचं वेगळं असतं असं म्हणाले. जावई गाडीचा आरसा पुसू लागला. सासरे आणि सासूबाई यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याच्याकडे लग्नापासून होतं.

त्याऐवजी चष्मेवाल्यांनी स्वतःचा उपाय केला. फळ्यांवर जाड गालिच्याचं कापड ठोकलेलं होतं, त्यावर त्यांनी कपडे धुवायच्या साबणाच्या दोन वड्या घासून संपवल्या. सहाव्या रविवारी बोट लोण्यासारखी चढली, आणि चक्क सरळ. दोघांनाही इतका आनंद झाला की पुढच्या टोकाला पट्टा अडकवायचा राहून गेला. जावयाने गाडी वर काढली. ट्रेलर वर गेला. बोट तितक्याच सहजपणे मागे निघाली, आणि आत उभे असलेले चष्मेवाले कट्ट्यावरच्या मंडळींसमोरून संथपणे, पाठमोरे, तलावाकडे जाऊ लागले.

"जावईबापू," ते म्हणत होते, "आपण जरा थांबू शकाल का?"

कट्ट्यावर टाळ्या पडल्या. चष्मेवाले बोटीतून पाण्यात उतरले आणि कमरेपर्यंत भिजून, बोट ओढत बाहेर आले.

पुढच्या रविवारी ट्रेलरला दोन पाइप उभे होते. सासूबाईंनी नळाच्या दुकानातून ते आणले होते, शेजारच्या वेल्डरकडून लावून घेतले होते, आणि बोटीला ओरखडे नकोत म्हणून वर फोम गुंडाळून गुलाबी पडद्याचं कापड शिवलं होतं. जावयाला त्यांनी आणखी एक सांगितलं, ट्रेलरची चाकं निम्मीच बुडवायची. फळ्यांचं मागचं टोक पाण्यात, पुढचं बाहेर, म्हणजे बोट येऊन टेकेल, भटकणार नाही. सहा रविवार नुसतं बघत बसल्यावर एवढं कळतं, असं त्या म्हणाल्या.

मग संध्याकाळी, बोट परत यायच्या वेळी, त्या उताराच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐका दोघं. बोट वर येईपर्यंत इथे कोणी सासरा नाही आणि कोणी जावई नाही. अहो-जाहो गाडीत ठेवून या."

जावयाने ट्रेलर मागे घेतला. आरशात दोन गुलाबी खांब स्वच्छ दिसत होते. चाकं निम्मी बुडाली तसा तो थांबला. चष्मेवाले जरा उजवीकडे सरकत येत होते, आणि नेहमीसारखेच जोरात. जावयाने खिडकी खाली केली आणि अठरा वर्षं भर रस्त्यात वापरलेल्या आवाजात ओरडला, "अरे हळू! डावीकडे घे!"

चष्मेवाल्यांनी दचकून वेग कमी केला आणि डावीकडे घेतली. बोट दोन खांबांमधून आत शिरली, फळ्यांवर टेकली, थांबली. चष्मेवाल्यांनी पट्टा अडकवला, ट्रेलरचं हँडल फिरवून बोट घट्ट ओढली आणि पट्टा दोनदा तपासला. सगळं मिळून चार मिनिटं. कट्ट्यावरचे लोक निराश होऊन उठले.

परतीच्या वाटेवर चष्मेवाले जावयाच्या शेजारी बसले होते. सासूबाई मागे झालर शिवत होत्या. जावयाच्या डोक्यात एकच चाललं होतं. बापाच्या वयाच्या माणसाला आपण अरे म्हणालो, तेही गावादेखत. बायकोला हे कळणारच, आणि आपल्या आधी सासूबाईंकडून कळणार. माफीचं एक वाक्य त्याने मनात तीन वेळा जुळवलं.

तेवढ्यात चष्मेवाल्यांनी खिडकीबाहेर बघतच घसा साफ केला.

"गाडी चांगली मागे घेतलीस तू आज."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण हा 'तू' पहिलाच. जावयाने खुशीत मान हलवली, आणि त्या भरात घराचं वळण मागे टाकलं. रस्ता पुढे बंद होता. गाडी, ट्रेलर आणि बोट, सगळं पुन्हा उलटं आणावं लागणार होतं.

चष्मेवाले न सांगताच खाली उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून मनसोक्त ओरडू लागले.