खिडकीआडची कण्हेर

हातात कोयता तर नाही ना, मित्रांनो? नसेल तर बसा. रागावू नका, पण मी एक म्हातारी कण्हेर आहे आणि कोणी जवळ आलं की आधी त्याचे हात बघते. माझी गुलाबी फुलं बघून वाहवा करणारे पुष्कळ भेटले. पाठीमागे काय धरलंय, ते कोणी सांगत नाही.

आखाडा बाळापूरच्या बाजारात सेवा नावाचा रोपवाला मला घेऊन बसला होता. तातेराव आले. त्यांना अंगणात फुलझाड हवं होतं, पण शेळी खाणार नाही असं. मी विषारी, मला शेळी तोंड लावत नाही. तुम्हीही लावू नका बरं!

सेवा म्हणाला, "जागा किती हाय, मालक? ही माणसाच्या डोक्यावर जाती. जागा कमी असंल तर सदाफुली न्या, गुडघ्याएवढीच ऱ्हाती."

तातेरावांनी डोळे बारीक केले. निजामाच्या राज्यात, जिथं जागा मोजली की सारा वाढे, जागा विचारणारा माणूस सरळ कसा असेल? "माझ्या जागेची तुला काहून पंचाईत?" असं म्हणून त्यांनी मला उपरण्यात गुंडाळलं. ती सदाफुली याला खपवायची असेल, असं वाटेभर पुटपुटत होते.

तातेरावांचं अंगण आणि शेजारच्या खतीजाबीचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीत एक बुटकी खिडकी. तातेरावांची बायको शकुबाई आणि खतीजाबी यांचा सगळा कारभार त्या खिडकीतून चाले. इकडून विस्तव जाई, तिकडून विरजण येई, आणि गप्पांना तर अंतच नव्हता. नेमकं त्या खिडकीखाली मला लावलं. तेव्हा मी होते वीतभर.

मी वाढले. वाढू नको तर काय करू? बघता बघता खिडकी माझ्या पानांआड गेली. "छाटा की हो," शकुबाई म्हणायची. "फुलं येऊन राहिली, असू दे," तातेराव म्हणायचे. खिडकीतलं बोलणं कमी झालं, मग थांबलंच.

पुढे अठ्ठेचाळीस साल आलं, निजामाचं राज्य गेलं. गावोगाव अफवा होत्या, कोणाचा कोणावर भरवसा उरला नव्हता. एका सकाळी माझ्या फांद्या हलल्या. पलीकडून खतीजाबी हात घालत होती आणि हातात शकुबाईचं विरजणाचं बोळकं होतं. मला दिसत होतं हो! पण शकुबाई ओरडली, "कोण हाय? चोरून ऐकून राहिलं काय?" हात झटकन मागे गेला.

दुपारी पलीकडून पेट्या सरकवल्याचा आवाज आला. "हत्यारं लपवून राहिले," तातेराव कुजबुजले आणि पलीकडचं दिसावं म्हणून कोयता घेऊन माझ्यावर धावले. खिडकीसमोरच्या माझ्या सगळ्या फांद्या खाली पडल्या.

पलीकडे हत्यार नव्हतं. बांधलेली गाठोडी होती, आणि खतीजाबी बोळकं मांडीवर घेऊन बसली होती.

"हे घे, शकू," ती म्हणाली. "जायच्या आधी द्यायचं होतं. आमी हैदराबादला चाललो."

"काहून?"

"खिडकी बुजवायला तुमीच झाड लावलं. मंग ऱ्हाऊन काय करू?"

"अगं बाई, ते शेळी खात न्हाई म्हणून लावलं!" शकुबाई रडायला लागली. तातेराव कोयता खाली टाकून माझ्याकडे बघत उभे राहिले.

शकुबाई आत गेली. बोळक्यात दूध ओतलं, विरजण लावलं आणि खिडकीतून पुढं केलं. "दही लागायला सकाळ होईल. बोळकं उद्या परत दे. उद्या, बराबर?"

खतीजाबीनं बोळकं घेतलं. मग एका गाठोड्याची गाठ सोडू लागली.

तेव्हापासून मला दरवर्षी खिडकीच्या खाली छाटतात. मला राग येतो, पण समजतं. मित्रांनो, झाड लावण्याआधी ते मोठेपणी केवढं होईल ते विचारा, आणि रोपवाल्यानं जागा विचारली तर सांगून टाका. पुढे कोयता चालतो, तो आमच्यावर.