भरल्या पाटीची वाट

“आजी, डोळे मिटून आठव ना! डावीकडे की उजवीकडे?”

सोनाबाईनं डोळे गच्च मिटले. अख्खी हयात पनवेलच्या गल्ल्यांत मासळी विकण्यात गेलेली; पण गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, ती करंजाडेच्या फ्लॅटमध्ये वर्षभर खुर्चीला खिळली, आणि एकेक गल्ली डोक्यातून पुसलीच गेली. “उद्या येते गं,” असं आपल्या जुन्या गिऱ्हाईक सुमतीबाईला शेवटच्या फेरीला सांगून आली होती. तो उद्या राहूनच गेला. एकदा तिला बघायचं होतं, बस्स.

“त्यांचं आडनाव तरी?” नातीनं, प्रांजलनं विचारलं.

“आडनाव काय मासली खातं? आमी मागच्या दारी जायचो. पुढचं दार बघितलंय कोनी!”

प्रांजल अकरावीला. चालताना जागा जास्त आठवतात, असं मॅडमनी वर्गात सांगितल्यापासून ती नुसती उड्या मारत होती. तिनं माळ्यावरची आजीची मासळीची पाटी काढली, जुन्या साडीची चुंबळ वळली आणि आजीला रिक्षानं थेट मासळी बाजारापाशी नेलं. पाटी डोक्यावर गेली मात्र, सोनाबाई तरातरा निघाली ती एसटी स्टँडकडे!

“अगं आजी, कुठे?”

“रिकामी पाटी घरलाच जाते, पोरी. मी काय करू? भर तिला.”

प्रांजलनं जवळच्या भाजीवाल्याकडून दोन-तीन किलो बटाटे घेऊन भरले.

“बटाट्याची कोलीन झाले गं बाय!” सोनाबाई खुदकन हसली. पण मानेवर ओझं आलं आणि पाय शहाणे झाले. वडाला वळसा, गटारावरची फरशी, मग अंग चोरून जायचं तो बोळ. प्रांजल कोपर धरून मागे पळत होती.

“हेच! हेच ते घर!”

मागचं दार विटांनी बुजवलेलं होतं. शेजारच्या खिडकीत एक बाई आली.

“सुमतीबाय हाय?”

“सासूबाई? त्या गेल्या हो, दिवाळीआधी.” ती थबकली. “तुम्ही मासळीवाल्या सोनाबाई का? त्या होत्या तोवर हे दार बुजवू दिलं नाही त्यांनी. या ना, पुढून या.”

पाटी उतरवायची तर ज्या दारी आली त्या घरच्या बाईनं हात लावायचा, हा रिवाज. सुमतीबाई तशीच धावत यायची, ओल्या हातांनी. प्रांजलनं हात पुढे केले.

“र्‍हाऊ दे,” सोनाबाई म्हणाली, आणि विटांकडे तोंड करून, मान ताठ धरून, ओझ्याखाली उभीच राहिली.