फेडायचं लगीन

मी लंकाबाई. पंचवटीत घंटागाडीवर ओला-सुका कचरा वेगळा करते. तोंडाची फटकळ हाय, सगळ्या गल्ल्यांना ठाऊक. कुणी लेकराचं डायपर ओल्यात टाकलं तर त्याच्या दारात उभी राहून त्याचा उद्धार करते, मग तो वकील असो नायतर डॉक्टर. पण बारकूपुढं माझं काय चाललं नाय, आन् तेच मला अजून सलतं.

बारकू माझ्याच गाडीवरचा. पेठकडच्या डोंगरातला. त्याची बायको मीना दुसऱ्या गाडीवर. गाड्या उभ्या करायच्या आवारात पत्र्याच्या खोलीत दोघं राहायची. काम सुटलं की मुकादम निवृत्ती बाहेरून कुलूप लावायचा. दोघांची आधार कार्डं त्याच्याच खिशात. पगार म्हणून हातावर कधी काय टेकवलं नाय, नुसते तांदूळ आन् डाळ. सुट्टी मागितली की आईबापावरून शिव्या. त्यांची पोरगी गावाला आजीपाशी. दोन दिवाळ्या गेल्या, मीनानं लेकीचं तोंड पाह्यलं नव्हतं. एखादी तिच्या लेकीएवढी पोर बादली घेऊन गाडीपाशी आली की मीना बादली घ्यायचीच विसरायची, असं तिचा ड्रायव्हर सांगायचा.

"अरे मेल्या, बायकोला घेऊन पळून का जात नाय?" एकदा मी ओरडलेच त्याच्यावर.

"मावशी, मुकादमानं आमचं लगीन लावलंय."

मला आधी कळंनाच. मग त्यानं सांगितलं. त्यांच्याकडं अशी रीत हाय की ऐपत नसली तर पोरगा-पोरगी आधी एकत्र राहत्यात, लेकरं होत्यात, आन् जमंल तेव्हा लगीन लावत्यात. त्यात लाजबीज काय नाय. पण आईबापाचंच लगीन बाकी असलं, तर लेकराच्या अंगाला हळद लागत नाय. बारकूच्या डोक्यात तेच बसलेलं, उद्या आपली पोर मोठी होईल, तेव्हा काय? निवृत्ती त्याच भागातला, त्याला ही नस बरोबर ठाऊक. त्यानं मांडव घातला, वाजंत्री आणली, गाव जेवू घातलं. मीनाच्या गळ्यातले काळे मणीसुद्धा त्यानंच आणले. आन् मांडव उतरायच्या आत दोघांना टेम्पोत बसवून नाशकात आणलं. लगीन फिटंपर्यंत कचरा उचला म्हणाला. किती फिटलं, किती राह्यलं, कोण विचारणार? विचारलं की हिशेब वाढायचा.

मला काय राहवंना. आमच्या युनियनच्या राकेशभाऊच्या मागंच लागले. तो हो-हो करायचा आन् विसरायचा. शेवटी म्हणले, "तुला जमत नसंल तर मी स्वतः जाऊन साहेबाच्या टेबलावर बसते." तेव्हा कुठं हलला आन् कलेक्टर कचेरीत तक्रार दिली.

एका सकाळी जीप आली. आशा मॅडम म्हणून तिथल्याच अधिकारी होत्या, संगं दोन पोलीस. बाई शहाणी. निवृत्तीला पोलिसासोबत फाटकापाशी उभं केलं, कुलूप काढायला लावलं, आन् बारकू-मीनाला समोर खुर्च्यांवर बसवलं. मला म्हणाल्या, तुम्हीही थांबा.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "लग्नाला पैसे दिले म्हणून माणसाला असं डांबून ठेवता येत नाही. कायद्यानं ते कर्ज संपलं. तुम्हाला काहीही फेडायचं नाही. आजच घरी जा, मी सोडायची सोय करते."

मला तर नाचावंसं वाटलं. "बारक्या, बघतो काय? उचल बोचकं!"

बारकूचा चेहरा पार उतरला.

"मॅडम, फेडायचं नाय, तर मग लगीन कुणाचं?"

"तुमचंच की."

"न फेडता आमचं कसं व्हईल? गावात तो उभा राहून म्हणंल, मांडव माझा, जेवण माझं, मणी माझे. मी काय बोलू? माझ्या पोरीच्या हळदीला मला कोण बसू दील?"

मॅडमनी त्याला पुन्हा समजावलं, न चिडता. लग्न वेगळं, कर्ज वेगळं. गावात कुणी बोललं तर मी येते, म्हणाल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो येडा नाय हो, शब्द न् शब्द कळला त्याला. मग मान खाली घालून म्हणाला, "मी खुशीनं राहतोय. असंच लिहा."

"खुशीनं? कुलपात?" माझा तोल सुटला. "अरे, ती लेक तिकडं आई-आई करती! मॅडम, ह्याला कशाला विचारताय? तिला विचारा!"

मॅडम वळल्या. "मीनाताई, तुमचं काय म्हणणं?"

"मला पोरीकडं जायचंय," मीना म्हणाली. एवढंच.

"मीना, लगीन मोडंल," बारकू म्हणाला.

ती उठली. गळ्यातले मणी डोक्यावरून काढले, फाटकापाशी गेली आन् निवृत्तीच्या हातावर ठेवले. "घ्या तुमचं लगीन," म्हणाली, आन् जीपमध्ये जाऊन बसली. बारकू खुर्चीवरून हलला नाय. मीच पदर तोंडात कोंबून रडले.

निवृत्तीला पोलीस घेऊन गेले. पण बारकूच म्हणतो खुशीनं, मग निवृत्ती जामिनावर सुटून परत आवारात हजर. आता लय गोड बोलतो. कार्डं परत दिली, कुलूप नाय, फाटक सताड उघडं. आन् बारकू तिथंच. मीनाचा वाटापण आता तोच फेडतो, दोन्ही वेळच्या गाड्या करतो.

परवा मीनाचा फोन आला, गावातल्या मास्तरणीच्या मोबाईलवरून. म्हणाली, "मावशी, त्याला सांग, ये म्हणावं. पोरगी बा कुठंय विचारती. लगीन नसलं तर नसलं, पहिल्यासारखं राहू."

मी गाडी थांबवून त्याला शब्द न् शब्द सांगितला. भाड्याचे पैसे त्याच्या खिशात कोंबले. म्हणले, "जा राजा, आत्ताच्या आत्ता जा. पाया पडते तुझ्या."

त्यानं पैसे काढून माझ्या हातात परत ठेवले.

"मावशी, तिनं मणी देऊन टाकले. आता मी तिथं कोण म्हणून जाऊ?"

आन् पुढच्या दारातली बादली घ्यायला गेला.