आईकडचा तुकडा

मुलगी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हसायची मात्र खळखळून. पंख्याकडे बघून, नळाच्या धारेकडे बघून. शेजारी म्हणायचे, "किती गुणी पोर! रडणं ठाऊकच नाही हिला." मग झटके यायला लागले आणि कौतुक आटलं.

तपासण्यांचे निकाल आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईबापांना समोर बसवलं. "डीएनएवर मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा असतात. एका ठिकाणी त्या बघून कळतं, आईकडचा भाग कुठला आणि बापाकडचा कुठला. हिच्यात आईची खूण सापडलीच नाही. तो तुकडाच गळलाय. न बोलणं, झटके, हे हसणंसुद्धा, सगळं त्यामुळेच."

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. तो पुढे सरकला. "पण माझा आहे ना? लिफ्टचा एक दोर तुटला तर बाकीचे पेलतात."

"त्या तुकड्यातल्या जनुकाचं तसं नाही. मेंदूत बापाकडचा गप्पच असतो. सगळ्यांचाच. माझ्यातही."

"त्याला जागं नाही करता येत?"

"आज तरी नाही."

आई एवढंच म्हणाली, "म्हणजे माझंच कमी पडलं."

"अहो, नाही. बीज तयार होतानाच कधी कधी तुकडा निखळतो. कुणाच्या हातात नसतं ते."

आईने मान डोलावली. पटलं नव्हतं.

नणंदेने फोनवर विचारलंच, "मग दोष कुणाकडचा निघाला?" बापाने फोन हिसकावून घेतला. "ताई, विचारायचंच असेल तर पोरगी जेवली का, ते विचार." त्यानंतर ताईचे फोन कमी झाले.

एका दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. आतून हसू ऐकू आलं, नेहमीपेक्षा मोठं. बऱ्याच दिवसांनी तिलाही बरं वाटलं. "काय गं, कसली एवढी गंमत?" म्हणत ती आत गेली. लेकीचं बोट दारात चेमटलं होतं. रक्त फरशीवर ठिबकत होतं आणि पोर थरथरत हसत होती.

आईने बोट धुऊन बांधलं. संध्याकाळी बाप घरी आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, आजवर ती किती वेळा हसली. त्यातलं रडणं किती होतं, कुणास ठाऊक."

बाप लेकीला मांडीवर घेऊन बसून राहिला.

आता मुलगी मोठी झाली आहे, आईच्या खांद्याला लागते. बोलत नाही. ती हसली की आई आधी तिचे हात, पाय, तोंड तपासते, अंगाला हात लावून बघते. तरी चुकतं. मागच्या वर्षी दाढ किडली, तेव्हा आठवडाभर कुणाला पत्ता लागला नाही. ते सगळे दिवस ती हसतच होती.