बोट दाखवायला जागा

राजेंद्र तनुजाला ताई म्हणायचा. वयानं तो तिच्यापेक्षा बराच लहान, पण कंपनीचा मालक. आणि एकदा ताई म्हणून झालं की ऐकण्याचं काम संपलं, असा त्याचा समज होता.

"ताई, ही बटणं आहेत का घमेली?" तिनं टॅबसाठी केलेला स्क्रीन तो आपल्या टेबलावरच्या भल्यामोठ्या मॉनिटरवर बघत होता, हातात माऊस धरून. "बारीक करा. सगळं एका पानात मावलं पाहिजे. आधी तुम्ही पत्रिका करायच्या ना? तिथं तर आख्खी भावकी मावायची."

मावायची, हे खरं. औरंगपुऱ्यातल्या एका डीटीपीच्या दुकानात तनुजाची उमेदीची वर्षं लग्नपत्रिका जुळवण्यात गेली होती. पत्रिकेत चार बोटं जागा रिकामी दिसली की गिऱ्हाईक बेचैन व्हायचं. एखादा मामा बसेल की इथं, म्हणायचं. पण पत्रिका वाचायची असते, ती कुणी दाबत नाही. माऊसचं टोक मुंगीएवढं असतं, माणसाच्या बोटाचं बोराएवढं. हे तिनं राजेंद्रला चित्र काढून दाखवलं, स्वतःचं बोट मॉनिटरला लावून दाखवलं. तो म्हणाला, "काचेला डाग पडतील, ताई." आणि बटणं बारीक झाली.

ॲप कापड दुकानांसाठी होतं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर जे दिसेल तेच गादीवरच्या टॅबवर दिसायचं, कारण राजेंद्रला दोन स्क्रीन वेगळे करायचे नव्हते. प्रत्येक साडीची एक ओळ, ओळीच्या शेवटी ती काढून टाकायची फुली. कॉम्प्युटरवर माऊस ओळीवरून गेला तरच फुली दिसायची, नाही तर लपून राहायची. टॅबवर माऊसच नाही, तर लपणार कशी? मग तिथं सगळ्या फुल्या कायमच्या उभ्या करून ठेवल्या, रांगेनं, डाळीच्या दाण्याएवढ्या.

असा टॅब जहांगीर शेठच्या दुकानात गेला. ते पहिलंच गिऱ्हाईक. शेठ म्हणाले होते, एका लग्नाचा बस्ता होऊ द्या, मग ठेवायचा की परत द्यायचा ते सांगतो. राजेंद्रनंही तनुजाला सांगून ठेवलं होतं, अगदी गोड आवाजात, की टॅब परत आला तर टॅबचं काम बंद, "मग ताई, तुम्ही पुन्हा तक्रारींचे फोन घ्यायचे."

त्या फोनच्या खुर्चीतूनच ती उठून इथवर आली होती. दिवसभर लोकांना 'बंद करून परत चालू करा' सांगायचं आणि घरी कुकरच्या शिट्ट्यांत मोबाईलवर बघून बघून स्क्रीन कसे आखतात ते शिकायचं. पुन्हा तिथं तिला बसायचं नव्हतं.

म्हणून बस्त्याच्या दिवशी ती स्वतः दुकानात जाऊन बसली.

मुलाकडचे पाचोडचे, मुलीकडचे फुलंब्रीचे. दोन्हीकडची मिळून गादी भरली, उरलेले पायरीवर बसले. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, मानपानाच्या, आहेराच्या, असे एकेक ढीग पडायला लागले. शेठ मधोमध मांडी घालून, समोर टॅब आडवा ठेवलेला. पलीकडं काउंटरवर त्यांची मुलगी मुनिरा कॉम्प्युटरवर.

"ही पाटी कामून आणली, शेठ?" मुलाच्या आत्यानं विचारलं. आवडाबाई त्यांचं नाव. मनगटभर बांगड्या, आणि बस्त्यातला शेवटचा शब्द त्यांचा.

"पाटीवर सगळं दिसतं, आत्याबाई. कोणाची कोणती, भांडन नको."

"भांडनाबिगर बस्ता व्हतो व्हय?" आवडाबाई म्हणाल्या आणि पाटीवर वाकल्या. "ही मोतिया नाय. तिच्या खालची धरा आहेरात."

बोलताना त्यांनी बोट ठेवलं. यादीतली मोतिया साडी गायब झाली.

"पप्पा, मोतिया काढली का?" काउंटरवरून मुनिरा.

"मी कुठं काढली? आत्ता होती."

शेठनं ती परत घातली. फुलंब्रीच्या बायकांना दिसावं म्हणून टॅब फिरवला, तर आतलं चित्र पण फिरलं आणि त्यांना पुन्हा उलटंच दिसायला लागलं. शेठनं परत फिरवला. चित्र परत फिरलं. "मॅडम, हे तुमचं यंत्र लई मानी आहे," ते तनुजाला म्हणाले, "मी वळलो की ते पाठ फिरवतं." बायका हसल्या. तनुजाही हसली, आणि सेटिंगमध्ये जाऊन ते फिरणं बंद केलं. तेवढ्यात आणखी दोन साड्या गेल्या.

खरं सांगायचं तर तिला आतून बरं वाटत होतं. बघा, फुल्या बारीक केल्या की काय होतं. राजेंद्र इथं असता तर त्याला या गादीवरच बसवला असता. आपली मोठ्या बटणांची जुनी प्रत तिनं टॅबमध्ये गुपचूप ठेवलेली होती. "शेठ, एक मिनिट द्या," असं म्हणून तिनं ती चालू केली. आता प्रत्येक ओळ म्हणजेच एक ऐसपैस बटण, आणि वर कोपऱ्यात, जुनी यादी पुसून नवी सुरू करायचं 'नवीन गिऱ्हाईक', तळहाताएवढं.

थोडा वेळ मजेत गेला. नंतर मात्र यादीतल्या ज्या साडीला कुणी बोट लावेल तिच्या माहितीचं पान उघडायला लागलं. रंग विचारला की पान. काठ दाखवला की पान. शेठ पानं मिटून मिटून घामाघूम झाले. तेवढ्यात आवडाबाईंना उठायचं होतं, गुडघा धरलेला. त्यांनी हात टेकला तो बरोबर वरच्या कोपऱ्यावर.

"पप्पा," मुनिरा म्हणाली, "माझ्याकडं कोरं झालं."

सगळी गादी पाटीवर वाकली. सकाळपासूनचा बस्ता होता तो.

"म्या काय केलं? म्या नुसती टेकले," आवडाबाई म्हणाल्या.

"तुमचं काही नाही, आत्याबाई. पाटीला मान द्यायचा राहिला," शेठ म्हणाले, पण आता ते हसत नव्हते. "मॅडम, उचला ही. मुनिरा, कागद आण बेटा."

तनुजानं टॅब आपल्याकडं ओढून घेतला. या वेळी राजेंद्र नव्हता बोल लावायला. हे बटण तिचं होतं. लाडानं मोठं केलेलं.

"ढीग तर जागेवर आहेत ना, शेठ," ती म्हणाली. "मी परत भरते. भरून होईपर्यंत थांबा, मग उचलते."

"भरा. नाही जमलं तर कागद आहेच."

ती गादीवर चढून त्यांच्याशेजारी बसली आणि एकेक साडी भरायला लागली. हात यंत्रासारखा चालत होता, डोकं राजेंद्रशी भांडत होतं, मध्येच स्वतःशी. फुली बारीक केली तरी जातं. ओळ मोठी केली तरी जातं. मग करायचं काय, बायकांचे हात बांधायचे? भोवती तर हातच हात होते. "ही?" "ही नव्हं, ती." "हिचा पदर दावा." तोंडानं अर्धं वाक्य आणि उरलेलं बोटानं. नवरी, सोनिया तिचं नाव, सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. दोनदा बोट करून मात्र तिनं शालू बदलून घेतला होता.

तनुजाचा हात थांबला.

इतक्या वेळात एकाही बाईनं काही दाबलं नव्हतं. त्या बोलत होत्या. कापडाच्या दुकानात माणूस बोटानं बोलतो, आणि या काचेला प्रत्येक बोट हुकूम वाटत होतं. बटण लहान की मोठं, यावर ती आणि राजेंद्र महिनोन्‌महिने डोकी फोडत बसले होते. काचेचा बराचसा भाग बहिराच हवा, हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

पण तो आता, इथं, बहिरा कसा करायचा?

शालूची पेटी उघडी पडली होती. तिचं झाकण पारदर्शक, जाडजूड, आतून बोटभर पोकळ. तनुजानं ते उचललं आणि टॅबवर उपडं ठेवलं. यादी सगळी झाकली गेली, पण दिसत होती. खालची, शेठच्या बाजूची पट्टी तेवढी उघडी राहिली. तिनं आपल्या फोनवरून ॲपमध्ये फेरफार करून ओळ निवडायचे वर-खाली बाण, 'घाला' आणि 'काढा' ही बटणं त्या पट्टीत आणली, 'नवीन गिऱ्हाईक' दिसेनासंच केलं.

"आत्याबाई, दाखवा बरं काही."

आवडाबाईंनी संशयानं तिच्याकडं बघितलं. मग झाकणावर बोट आपटलं. बांगड्या खळखळल्या. "ही. ही करवलीला."

काहीही झालं नाही. मोतिया जागच्या जागी. शेठनं बाणानं ती ओळ निवडून पट्टीतलं 'घाला' दाबलं, तेव्हा साडी यादीत करवलीच्या ढिगात गेली.

"आता ऐकती का पाटी," आवडाबाई म्हणाल्या, आणि पुढचा सगळा वेळ त्यांनी झाकणावर असं मनसोक्त बोट आपटलं की तनुजाला काचेचीच काळजी वाटायला लागली. मध्येच त्यांनी तिला विचारलं, "तू कोनाकडली, पोरी? मुलाकडली का मुलीकडली?" तनुजा म्हणाली, "पाटीकडली."

बस्ता बांधून झाल्यावर ती काउंटरपाशी गेली. "मुनिरा, तुलाही असंच करून देऊ?"

"नको, ताई. माझं बारीकच राहू द्या. माऊसला काय, मला सगळं एका नजरेत लागतं."

म्हणजे राजेंद्रही काउंटरपुरता बरोबर होता. हे त्याला सांगावं लागणार, याचाच तिला जास्त वैताग आला.

तिनं तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं. राजेंद्र म्हणाला, "ताई, म्हणजे दोन वेगळे स्क्रीन. वर टॅबवरचा पाऊण स्क्रीन मुका. लोक म्हणतील, पैसे देऊन काही दाबता येईना."

"दाबायचं नाहीच त्यांना. दाखवायचंय."

"त्यापेक्षा लोकांना नीट शिकवा ना."

हे शेजारी शेठलाही ऐकू गेलं. शेठनं तिच्या हातातून फोन घेतला.

"राजेंद्रभाऊ, सलाम. पाटी ठेवतो मी. पण झाकण आतून करून द्या. आत्ता लावलंय ते शालूच्या पेटीचं आहे, आणि शालू चालला पाचोडला. पुढचा बस्ता मंगळवारी आहे. त्याच्या आत नाही झालं तर घेऊन जा आपली."

फोन परत तिच्याकडं आला. राजेंद्रचा आवाज बदललेला होता, फार नाही. "करा मग, ताई. सोमवारी दाखवा. आणि ती मोकळी जागा आहे ना, तिथं आपला लोगो बसेल का? जरा मोठा?"

मागं आवडाबाई पेटी भरत होत्या. त्यांनी झाकणासाठी हात पुढं केला. तनुजानं ते टॅबवरून उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि काच पुन्हा उघडी पडली.

"नाही बसणार," ती फोनमध्ये म्हणाली. "तिथं लोकांची बोटं आहेत."